मागे राहणाऱ्याची भाकरी

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या तालुक्यांतली अनेक गावे रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाहीतर बैलगाडीत संसार भरतात आणि पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे ऊस तोडायला निघतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंतचे पाच-सहा महिने, ती परतत नाहीत. या धंद्यात माणसे मोजायचे माप वेगळे आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल ठरते ती कोयत्यावर. अशा घरात एखादा प्रौढ अपंग माणूस असेल, बौद्धिक अक्षमता असलेला भाऊ, आंधळी बहीण, अंगाने अधू झालेला चुलता, तर दसऱ्याआधी त्या घराला एक हिशेब करावा लागतो. त्याला फडावर सोबत न्यायचे, गावातल्या म्हाताऱ्यांच्या भरवशावर सोडायचे, की जोडप्यातल्या एकाने मागे राहायचे? मागे राहिले तर पूर्ण कोयत्याचा अर्धा होतो. त्या माणसाला स्वतःपुरती भाकरी टाकता येते का, हंडा भरून आणता येतो का, अंघोळ करून कपडे बदलता येतात का, फिट येऊ नये म्हणून घ्यायची गोळी वेळेवर घेता येते का आणि रात्री आतून कडी लावता येते का, यावर त्या घराची निम्मी कमाई अवलंबून असते. शहरात ज्याला दैनंदिन जीवनकौशल्ये म्हणतात त्यांचा भाव बीडमध्ये रोख रुपयांत मांडता येतो. मला इथे एवढेच दाखवायचे आहे की गेल्या सव्वाशे वर्षांत प्रौढ अपंगांसाठी आपल्याकडे जे जे उभे राहिले त्यात हीच शिकवण प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याचे काम म्हणून सोडून दिली गेली. ज्याच्या वाट्याचे म्हणून ती सोडली ते घर बीडमध्ये वर्षातले निम्मे दिवस कुलूपबंद असते.

जुन्या काळाकडे पाहिले तर पहिला कागदोपत्री पुरावा जनगणनेचा आहे. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. इंग्रजी मुलखात आणि संस्थानांतही १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या प्रत्येक शिरगणतीत चार प्रकारची माणसे वेगळी मोजली गेली: वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि कुष्ठरोगी. १९४१ पासून हा रकानाच गेला. १९८१ साली तो पुन्हा आला, १९९१ ला पुन्हा गळाला आणि २००१ पासून परत सुरू झाला. २०११ च्या जनगणनेने महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती नोंदवल्या. या दीर्घ मोजणीत विचारले गेले ते माणसाला काय नाही, दृष्टी की वाचा की बुद्धी. अंग धुणे, कपडे घालणे, घराबाहेर जाणे यांपैकी त्याला काय जमते, हा प्रश्न विचारायला जगानेही फार उशीर केला. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने २००१ साली नेमलेल्या वॉशिंग्टन गटाने तयार केलेल्या सहा प्रश्नांमध्ये स्वतःची काळजी घेता येते का, हा एक प्रश्न आहे. भारताच्या २०११ च्या जनगणनेत तो नव्हता. सरकारने जे मोजले नाही त्यासाठी पैसा, माणूस आणि इमारत कधी मागितली गेली नाही, यात नवल नाही.

प्रौढ अपंगांना शिकवायचे, ही कल्पना आपल्याकडे युद्धातून आली. पहिल्या महायुद्धात हात-पाय गमावून परतलेल्या हिंदी शिपायांसाठी लेडी विलिंग्डन यांनी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल काढले. पुढे ते पुण्याजवळ खडकीला गेले आणि आजही तिथे आहे. लंडनमध्ये आर्थर पिअर्सन या स्वतः अंध झालेल्या वृत्तपत्रमालकाने १९१५ साली अंध सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्स सुरू केले होते. त्याच धर्तीवर दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, डेहराडूनला हिंदी अंध सैनिकांसाठी वसतिगृह उघडले. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये भारत सरकारने त्याचे प्रौढ अंधांच्या प्रशिक्षण केंद्रात रूपांतर केले. या परंपरेत एक चांगली गोष्ट होती. नव्याने अंध झालेल्या जवानाला चालणे, जेवणे, दाढी करणे, पैसे ओळखणे पुन्हा शिकावे लागते हे तिथल्या लोकांनी मानले होते, कारण त्यांच्यासमोर काल-परवापर्यंत हे सगळे करणारा माणूस बसलेला असे. पण ही वाट पलटणीतून जाणारी होती. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या मराठा शिपायाला ती सापडली. निजामाच्या राज्यातल्या बालाघाटावरच्या कोरडवाहू शेतकऱ्यापर्यंत ती येण्याचे काही कारणच नव्हते. त्यातही जन्मापासून अधू असलेला माणूस तिच्या कक्षेत नव्हता. जे कधी केलेच नाही ते मोठेपणी पहिल्यांदा शिकवायचे, याची पद्धत कोणाकडे तयार नव्हती.

दुसरी वाट मिशनरी आणि समाजसेवकांची. ॲना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंधांची शाळा काढली, दोन वर्षांनी व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली, १९३४ मध्ये पुण्यात अंधशाळा उभी राहिली आणि १९५२ साली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे नॅब. या संस्थांनी केलेले काम मोठे आहे आणि ते कमी लेखण्याचा हेतू नाही. पण त्यांचा भर कशावर होता ते पाहावे. वेताच्या खुर्च्या विणणे, हातमाग, खडू आणि मेणबत्त्या, संगीत, पुढे टेलिफोन ऑपरेटरचे काम. प्रौढ अपंगाला कमावते करायचे, कारण कमावता माणूस भिकेला लागत नाही. परळी-वैजनाथाच्या आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या दारात बसणाऱ्यांकडे पाहिले की हा विचार किती खरा वाटला असेल हे समजते. नॅबने साठच्या दशकात गुजरातेत फणसा येथे अंधांसाठी शेतीचे प्रशिक्षण केंद्र सुरू केले तेव्हा त्या विचाराला पहिल्यांदा मातीचा वास आला. बीडसारख्या जिल्ह्याच्या गरजेला सर्वांत जवळचे काम मला हेच वाटते, कारण तिथे अंध माणसाला गोठ्यात, बांधावर, विहिरीकाठी वावरायला शिकवले गेले. त्याची लागण मराठवाड्यात मात्र झाली नाही. आजही मिरजेच्या शासकीय प्रौढ दिव्यांग प्रशिक्षण केंद्रात राहण्या-जेवण्याची मोफत सोय आहे, पण तिथले अभ्यासक्रम संगणकाचे आणि मोटार रिवाइंडिंगचे, आणि प्रवेशाला शाळेच्या ठरावीक इयत्ता पास असण्याची अट. शाळेची पायरी न चढलेल्या, घरापासून दूर एकट्याने कधी न राहिलेल्या माणसाला तिथे जाण्याआधी जे यायला हवे ते कुठे शिकायचे, याचे उत्तर मिरजेकडे नाही आणि ते तिच्याकडे मागणेही बरोबर नाही.

तिसरी वाट बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या शाळांची. मुंबईत १९४४ साली जय वकील शाळा, पुण्यात १९६४ ला कामायनी, नाशिकमध्ये १९७७ ला रजनीताई लिमये यांचे प्रबोधिनी विद्यामंदिर. मुलाच्या आईने किंवा डोळसपणे पाहणाऱ्या एखाद्या शिक्षकाने उभ्या केलेल्या या शाळांमध्येच रोजच्या जगण्याची शिकवण प्रथम अभ्यासक्रमाचा भाग झाली. सत्तरच्या दशकात मद्रासमध्ये जयचंद्रन आणि विमला यांनी विकसित केलेल्या पद्धतीत १८ क्षेत्रे आणि ३६० कौशल्ये होती: जेवणे, कपडे घालणे, स्वच्छता, शौचाला जाणे, वेळ, पैसा, घरकाम, वस्तीत वावरणे. १९८४ साली सिकंदराबादला राष्ट्रीय मतिमंद संस्था स्थापन झाली आणि तिने अशाच कौशल्यांच्या सोप्या पुस्तिका काढल्या. म्हणजे ज्ञान होते, आणि ते बीडच्या लोकांची एके काळी राजधानी असलेल्या हैदराबादच्या जोडगावातच होते. पण शाळा म्हटली की वय आले. अठराव्या वर्षी अनुदानाच्या हजेरीपटावरून नाव कमी होते. त्यापुढे कार्यशाळा, जिथे पुन्हा लिफाफे आणि मेणबत्त्या. १९९५ च्या कायद्याने टक्केवारी, प्रमाणपत्र आणि आरक्षण आणले, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारखी सरकारी रुग्णालये प्रमाणपत्राच्या रांगांसाठी ओळखीची झाली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती दिली, पालकत्वाची सोय केली, पुढे प्रौढांसाठी दिवसभराची केंद्रे आणि समूहनिवास यांच्या योजना आखल्या. त्या राबवायला नोंदणीकृत संस्था लागते, आणि जिथे संस्था नाही तिथे योजना कागदावर राहते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १८ मध्ये प्रौढ शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. इतक्या कलमांतून खाली उतरत आल्यावर वडवणीच्या एखाद्या वाडीत कोण कोणाला काय शिकवणार, हा प्रश्न होता तिथेच उभा राहतो.

इथे पहिला आक्षेप येतो तो वयाचा. तिशी-चाळिशी ओलांडलेला, आयुष्यभर आईच्या हातून जेवलेला माणूस आता काय शिकणार? हा आक्षेप घरचे लोक दुष्टपणाने घेत नाहीत. लहानपणी दोनदा प्रयत्न करून ते थकलेले असतात. पण पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. १९५५ साली क्लार्क आणि हर्मेलिन या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञांनी लॅन्सेटमध्ये अशा प्रौढांवरचा अभ्यास छापला ज्यांना तेव्हाच्या वैद्यकाने जवळजवळ निरुपयोगी ठरवले होते. ही माणसे वायर डागायला आणि सायकलचा पंप जोडायला शिकली, आणि सुरुवातीला किती जमते यावरून शेवटी किती जमेल याचा अंदाज बांधता येत नाही असे दिसून आले. १९७२ मध्ये अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी मध्यम ते तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्यांना सायकलच्या ब्रेकचे १५ सुटे भाग जोडायला शिकवून तेच दाखवले. आपल्याकडेही ही गोष्ट दुसऱ्या रूपात मान्य झालेली आहे. १९७८ च्या राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रमाने आणि १९८८ च्या साक्षरता अभियानाने १५ ते ३५ वयाच्या अंगठेबहाद्दरांना सही करायला शिकवले, आणि त्या वयात कोणी शिकते का, असे तेव्हा कोणी म्हटले नाही.

बदलावे लागते ते शिकवण्याचे तंत्र. भाकरीचेच उदाहरण घेऊ, कारण बीडमध्ये तिच्याशिवाय मागे राहणे शक्य नाही. घरातली बाई भाकरी एका ओघात करते, म्हणून तिला वाटते की ही एकच क्रिया आहे. शिकवणाऱ्याला ती मोडून पाहावी लागते: ज्वारीचे पीठ काठवटीत घेणे, गरम पाणी बेताने घालणे, मळणे, गोळा करणे, थापणे, न मोडता उचलणे, तव्यावर टाकणे, वरून पाण्याचा हात फिरवणे, उलटणे, आणि शेवटी तवा सरकवून निखाऱ्यावर फुगवणे. अनुभवी शिक्षक शेवटच्या पायरीपासून सुरू करतात. आधीचे सगळे आई करते, भाकरी फुगवून टोपल्यात टाकायचे तेवढे काम शिकणाऱ्याचे. म्हणजे पहिल्याच दिवशी पूर्ण भाकरी त्याच्या हातून उतरते. ते जमले की उलटणे, मग पाणी फिरवणे, असे मागे मागे सरकत जायचे. थापण्यापर्यंत पोचायला महिने लागू शकतात आणि काहींना ते कधीच जमणार नाही, त्यांनी धपाटे किंवा खिचडी करावी. अंध माणसाला भाकरी उलटण्याची वेळ वासाने आणि कडा सुटल्याच्या आवाजाने कळते. तव्याची कड शोधायला उलथने आधी टेकवायचे, बोट नाही. चुलीपेक्षा गॅस सोपा की अवघड, हेही माणसागणिक ठरते. या प्रत्येक बारकाव्यात शिकवणाऱ्याची कसोटी आहे. म्हणूनच मुंबईच्या ओट्यासाठी लिहिलेली पुस्तिका पाटोद्याच्या चुलीपुढे तशीच वापरता येत नाही. टँकर आल्यावरच पाणी मिळते त्या गावात अंघोळ आणि शौच शिकवायचे तर एका तांब्यात किती भागवायचे इथपासून धडा आखावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकत्र कुटुंब आणि गाव मिळून अशा माणसाला सांभाळत आलेच आहे. त्याच्यावर एकटेपणाचा बोजा टाकणारी ही शहरी कल्पना कशाला? यातले सत्य मान्य करायला हवे. गावाने अधू माणसाला गुरांमागे पाठवले, खळ्यावर राखणीला बसवले, दिंडीत टाळ हातात दिला, आणि नाव घेऊन हाक मारली. हे सामावून घेणे एखाद्या निवासी संस्थेच्या भिंतींपेक्षा चांगले होते. पण ती व्यवस्था घरात कायम कोणीतरी मोठे माणूस असण्यावर उभी होती. प्रवरानगरच्या १९५० च्या सहकारी कारखान्यापासून पश्चिम महाराष्ट्रात कारखाने वाढत गेले, १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातली शेती मोडली आणि कोयता हा बीडमधल्या लाखो लोकांचा व्यवसाय झाला. सांभाळणाऱ्या घराची घडी त्या स्थलांतराने बदलली. मुलांसाठी सरकारने हे ओळखले: हंगामी वसतिगृहे आली, संत भगवानबाबा यांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी वसतिगृह योजना आली. मागे राहणाऱ्या प्रौढ अपंगासाठी तसे काही आले नाही, कारण त्याला घर सांभाळते असे गृहीत होते. आणि आई-वडील कायमचे गेल्यावर काय, हा प्रश्न तर प्रत्येक पालकाच्या मनात असतो. बदलापूरला पालकांनीच एकत्र येऊन ‘आधार’ ही संस्था उभारली ती याच काळजीतून.

तिसरा आक्षेप हक्काची भाषा बोलणाऱ्यांचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माणसाला बदलायचे की रस्ता, शौचालय, बँक, बस बदलायची? १९७२ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतंत्र जीवन केंद्र काढले तेव्हा त्यांचे म्हणणे असे होते की स्वतःची बटणे स्वतः लावता येण्यात स्वातंत्र्य नाही; बटणे कोणी, केव्हा लावायची हे ठरवता येण्यात आहे. रॉबर्ट्स पोलिओमुळे मानेखाली जवळजवळ पूर्ण अधू होते, त्यांना हे म्हणण्याचा अधिकार होता. तरी हेच तत्त्व बीडमध्ये आणले की दिसते की ठरवणे हेसुद्धा शिकावे लागणारे कौशल्य आहे. १९८० पासून चालू असलेल्या संजय गांधी निराधार योजनेचे पैसे आता खात्यात येतात, पण ते काढतो भाऊ किंवा पुतण्या, आणि किती काढले हे ज्याच्या नावाचे खाते त्याला माहीत नसते. एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, पण गाडीची पाटी ओळखणे, वाहकाला गाव सांगणे, उरलेले पैसे मोजून घेणे, चुकीच्या फाट्यावर उतरलो तर कोणाला विचारायचे हे माहीत असणे, यांशिवाय ती सवलत केज-बीड रस्त्यावर नुसतीच धावते. रस्ता आणि बस बदलायलाच हवी. ती बदलेपर्यंत माणसाला घरात बसवून ठेवणे हा हक्काचा विचार होऊ शकत नाही.

याच हक्काच्या बाजूने एक इशारा द्यावासा वाटतो, आणि तो शिकवणीच्या समर्थकांनी ऐकावा. आपल्या अनेक घरांत अपंग मुलीला झाडणे, भांडी, सडा-सारवण आधीच शिकवलेले असते. भाऊ तसाच असला तर त्याला ताट वाढून दिले जाते. तिला येणाऱ्या कामाची मोजदाद कधी होत नाही, ती घरातली बिनपगारी कामकरीण होते, आणि तिला पैसे मोजायला, दवाखान्यात स्वतःचे दुखणे सांगायला, अंगचटीला येणाऱ्याला नाही म्हणायला कोणी शिकवत नाही. घर सहा महिने मोकळे असते तिथे या शेवटच्या गोष्टीची गरज भाकरीइतकीच आहे. मुलग्याला चूल आणि मुलीला व्यवहार, असा उलटा क्रम घरोघर धरावा लागेल.

हे करायचे तर कोठे? बाबा आमट्यांचे आनंदवन कोणाच्याही डोळ्यांसमोर येईल. वरोऱ्याला १९५१ पासून कुष्ठरोगी, अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग असलेली प्रौढ माणसे एकमेकांची उणीव भरून काढत जगायला शिकली, आणि अपंग प्रौढ स्वतःचे गाव चालवू शकतात याचा त्याहून मोठा पुरावा महाराष्ट्रात नाही. पण आनंदवन घर सुटलेल्यांसाठी उभे राहिले. बीडच्या बहुतेक प्रौढ अपंगांचे घर सुटलेले नाही, ते फक्त हंगामात लांब जाते. त्यांना वाहून संस्थेत नेण्याची गरज नाही, शिकवणारा त्यांच्या चुलीपर्यंत यायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ साली प्रसिद्ध केलेली समाजाधारित पुनर्वसनाची पुस्तिका याच कल्पनेवर आधारलेली होती: गावातलाच एक कार्यकर्ता, घरातलेच एक माणूस प्रशिक्षक, आणि शिकायची जागा म्हणजे त्या माणसाचे स्वतःचे घर.

यासाठी नवा कायदा लागत नाही. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला आहे. ग्रामपंचायतींनी आणि जिल्हा परिषदेने स्वउत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, हा नियम आहे, आणि तो निधी अनेक ठिकाणी वस्तू किंवा रोख रकमेच्या वाटपात संपतो. त्यातून काही गावे मिळून एक घरोघर फिरणारा शिक्षक नेमता येतो. तो आशाताईंसारखा गावातलाच असावा, शक्य असेल तिथे स्वतः अपंग असावा, आणि त्याचे वर्ष पट्टा पडल्यावर सुरू व्हावे, म्हणजे घरचे लोक गावात असताना उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात शिकवणे होईल आणि दसऱ्याला माणूस मागे राहायला तयार असेल. ज्यांच्या गावातून कोयते निघतात त्या सरपंचांनी आणि ग्रामसेवकांनी या वर्षीच्या ग्रामसभेत दोन आकडे वाचून दाखवावेत: मागे राहणारे प्रौढ अपंग किती, आणि त्यांच्यापायी अर्धे झालेले कोयते किती. ते वाचून झाल्यावर पाच टक्क्यांचा ठराव त्याच सभेत मांडावा.